घोडी तीन महिने ठाणावर बांधून, चंदी किती द्यायची? पायाची शीर ताणलीय

जुन्नरकर_घाट
नमस्कार मंडळी. आमची मारवाडी घोडी आहे, सात वर्षांची, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यापुढे पळते. मागच्या आठवड्यात पळताना पुढच्या डाव्या पायाची मागची शीर ताणली, डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, टेंडनला मार आहे म्हणाले आणि तीन महिने तबेल्यातून बाहेर काढायचं नाही, नंतर परत सोनोग्राफी. खाण्याचं एवढंच म्हणाले की खुराक कमी करा. पण कमी म्हणजे किती ते गडबडीत विचारायचं राहिलं आणि आता फोन लागत नाहीये.

आत्तापर्यंत रोज चार किलो चंदी चालू होती, भिजवलेला हरभरा, जवाचा भरडा आणि गव्हाचा कोंडा, वर गूळ. चारा म्हणजे बांधावरचं हिरवं नेपियर आणि थोडा कडबा. घरी दोन मतं आहेत. आजोबा म्हणतात जनावर आजारी आहे तर अंगात ताकद पाहिजे, हरभरा वाढवा. चुलते म्हणतात सगळंच निम्मं करा, चारा पण, नाहीतर माजेल आणि पाय आपटून अजून मोडून घेईल. ती आत्ताच दारावर लाथा मारतेय, गव्हाणीचं लाकूड कुरतडतेय, आणि दोन दिवस झाले लीद कोरडी बारीक पडतेय म्हणून जास्त काळजी वाटतेय. दुखण्याची पावडर चालू आहे. ज्यांनी घोडं असं उभं ठेवलंय त्यांनी प्लीज सांगा.

माथेरानचा_घोडेवाला
दादा चारा अजिबात कमी करू नका, कापायची ती चंदी. आमच्याकडे डोंगरावर सगळा धंदाच घोड्यावर, गाड्यांना बंदी, त्यामुळे एखादं घोडं लंगडलं की ते उभं ठेवायची वेळ येतेच. घोडं रिकाम्या पोटी उभं राहिलं की लाकूड खातं, माती चाटतं, दार तोडतं. तुमची घोडी माजलेली नाहीये, तिला चघळायला काही नाहीये म्हणून ते चाललंय. समोर सतत वाळलेलं गवत पाहिजे, रात्री झोपायच्या आधी एक पेंढी टाकाच, कारण संध्याकाळी सातला टाकलेलं नऊपर्यंत संपतं आणि मग सकाळपर्यंत ती तशीच उभी.

लीद कोरडी पडतेय ते हलक्यात घेऊ नका. पाणी किती पिते ते बादलीने मोजा, हौदावर सोडलं की कळत नाही. आणि जमलं तर शेजारी एक शेळी बांधा, एकटं घोडं फार जीव काढतं, शेळी असली की निम्मं शांत होतं हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

पशुवैद्य_सातारा
वरच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे, मी जरा सविस्तर लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी घोडी बघितली आहे, मी नाही, त्यामुळे औषधाबद्दल त्यांचंच ऐका, मी खाण्यापुरतं बोलतो.

आधी वजन काढा. शिवणाची टेप घ्या, पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11877, म्हणजे किलोत वजन येतं. समजा घेर 168 आणि लांबी 155 आली तर साधारण 368 किलो. अशा घोडीला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे साडेपाच ते साडेसात किलो. दीड टक्क्याच्या खाली जायचंच नाही, घोडी कितीही जाड असो. कारण घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, खाणं असो नसो. मोकळं घोडं दिवसातले सोळा-एक तास चरतं, चघळताना लाळ सुटते आणि ती लाळ आम्ल मारते. चारा थांबला की काही तासांत जठराच्या आतल्या कातडीला इजा व्हायला लागते आणि वर दुखण्याची पावडर चालू असेल तर अल्सरचा धोका अजून वाढतो. ती पावडर रिकाम्या पोटी देऊ नका, आणि एक चालू असताना मनाने दुसरी तर मुळीच नको.

आता चंदी. ती आजपासूनच कापा, हळूहळू कमी करायची गरज नाही. चार किलोवरून अर्ध्या किलोवर या, तेही मीठ आणि मिनरल मिक्श्चर पोटात जावं म्हणून. आजोबांची माया समजते, पण पळणाऱ्या घोडीची चंदी उभ्या घोडीला घातली तर ती ताकद जखमेला लागत नाही. एक तर डोक्यात जाते आणि ती उड्या मारते. दुसरं, जास्तीचा स्टार्च लहान आतड्यात पचला नाही की मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्यातून पोटशूळ होतो, नाहीतर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत सूज. तुमच्या घोडीचा डावा पाय दुखतोय म्हणजे सगळा भार उजव्यावर आहे, त्या बऱ्या खुराला आधीच धोका आहे, त्यात धान्याची भर नको. रोज सकाळी उजव्या खुराला हात लावून बघा, गरम लागलं किंवा ती मागे रेलून उभी राहायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. तिसरं म्हणजे स्नायू धरणं. पूर्ण चंदीवर उभं ठेवलेलं घोडं एकदम बाहेर काढलं की मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात आणि लघवी लाल-काळी येते. पूर्वी गाडीचे घोडे रविवारी सुट्टीला पूर्ण खुराकावर उभे असायचे आणि सोमवारी जुंपले की हेच व्हायचं, इंग्रज त्याला सोमवार सकाळचा आजारच म्हणायचे.

मला खरी काळजी तुमच्या चाऱ्याची वाटते. नेपियर गाई-म्हशींना ठीक आहे, घोड्याला रोजचा मुख्य चारा म्हणून चांगलं नाही. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि घोड्याला ते मिळतच नाही. त्यात तुम्ही कोंडा घालताय, कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस. दोन्ही मिळून शरीर हाडातलं कॅल्शियम काढायला लागतं. जबड्याची, तोंडाची हाडं सुजलेली घोडी आपल्याकडे दिसतात ती यातूनच, आणि लंगडण्याचंही ते एक कारण असतं. कोंडा बंद करा. नेपियरच्या जागी डोंगरी वाळलेलं गवत आणा, मारवेल किंवा पवन्या, पण कुसळ धरायच्या आधी कापलेलं बघून घ्या, कुसळं हिरड्यात घुसतात. सोबत लसूणघास, वाळलेला असेल तर दिवसाला एक-सव्वा किलो, हिरवा असेल तर पाचेक किलो, आणि तो कापल्यावर काही तास सुकवून मगच. लसूणघासात कॅल्शियम आणि चांगलं प्रोटीन दोन्ही असतं, जखम भरायला जे पाहिजे ते त्यातून मिळतं, आणि जठरातलं आम्लही तो शमवतो. हा चाऱ्यातला बदल मात्र आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करा, एका दिवसात नको.

अकलूजची_पागा
डॉक्टर राग मानू नका पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गूळ-हरभऱ्यावर घोडी सांभाळली आहेत. चंदी एकदम काढली तर घोडी उतरते, पुठ्ठे खाली जातात, नंतर ते अंग भरायला वर्ष जातं. अर्धा किलो म्हणजे फारच कमी होतंय.

पशुवैद्य_सातारा
राग कसला, अनुभव आहे तुमचा. हरभरा वाईट नाही, पळत्या घोडीला द्याच. पण पुठ्ठे उतरतात ते चालणं बंद झालं म्हणून, धान्य घातल्याने स्नायू टिकत नाही, चरबी चढते, आणि ते जास्तीचं वजन दुखऱ्या पायावरच येतं. दर पंधरा दिवसांनी टेप लावा. चारा भरपूर असूनही बरगड्या दिसायला लागल्या तर आधी लसूणघास वाढवा, मग भिजवलेली सोया पेंड मूठ-दोन मूठ, थोडं तेल. धान्य सगळ्यात शेवटी. गूळ काढाच, उभ्या घोडीला त्याचं काही काम नाही.

अजून एक, गाईची गोळी पेंड किंवा कोंबडीखाद्य चुकूनही नको. काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे.

सुफोकवरून_मराठी
मी इंग्लंडमध्ये न्यूमार्केटजवळ एका रेसिंग यार्डवर काम करते, इथे असे घोडे नेहमीच उभे असतात म्हणून लिहितेय. गवत बारीक भोकाच्या जाळीत द्या, तीन-चार सेंटिमीटरचं भोक, तेच गवत दुप्पट वेळ पुरतं. जाळी नाही मिळाली तर एकात एक दोन घाला. खुरात अडकेल इतकी खाली मात्र बांधू नका. एकदम सगळं टाकण्यापेक्षा चार-पाच वेळा विभागून, आणि दोन वेगवेगळी गवतं दोन कोपऱ्यांत ठेवली तर ती फिरून फिरून खाते, तेवढंच मन रमतं. धूळ असेल तर गवत पाण्यात बुडवून काढा, बंद तबेल्यात धुळीने खोकला लागतो, फक्त आपल्याकडच्या उन्हात भिजलेलं गवत लगेच आंबतं, शिल्लक राहिलेलं काढून टाका. खाली अंथरायला पेंढा असेल तर ती तोच खाईल आणि पोट बांधेल, त्यापेक्षा लाकडाचा भुसा बरा. गाजर द्यायचं तर उभं चिरून, गोल चकत्या घशात अडकतात.

जुन्नरकर_घाट
सगळ्यांचे खूप आभार, आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं, डॉक्टरांचं पटलं त्यांना. घेर-लांबी मोजून 360 च्या आसपास येतंय. लसूणघास शेजारच्या मळ्यातून मिळतोय. वाळलेलं गवत यायला चार दिवस लागतील, तोपर्यंत कडबा वाढवला तर चालेल का? आणि लीद अजून कोरडीच आहे, गावातले एक जण म्हणतात बाटलीने गोडेतेल पाजा.

पशुवैद्य_सातारा
बाटलीने काही पाजू नका. घोड्याला तेल बळजबरीने ओतलं की ते फुफ्फुसात जाऊ शकतं आणि त्यातून जो न्यूमोनिया होतो तो जीव घेतो. तेल द्यायचंच झालं तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतात.

कडबा जाड, कडक असतो, एकदम वाढवला तर आत्ताच्या कोरड्या लिदीवर तो आतड्यात तटायची भीती. चार दिवस नेपियर आहे तसं चालू ठेवा, तेवढ्याने हाडाला काही होत नाही. कडबा आहे तेवढाच, कुट्टी करून पाणी मारून. ज्वारीचं हिरवं, कोवळं किंवा फुटवे मात्र नकोत, त्यात किरळ, म्हणजे विष, असते. जी अर्धा किलो चंदी द्याल ती पातळ करून कोमट पाण्यात द्या, त्यात 30 ग्रॅम साधं मीठ, म्हणजे तहान लागेल. दोन बादल्या कायम भरलेल्या ठेवा. हिरव्या चाऱ्यात पाऊणच्या वर पाणीच असतं, तुम्ही वाळलेल्या गवतावर आलात की तेवढं पाणी तिला बादलीतून प्यावं लागणार, दिवसाला वीस-पंचवीस लिटर तरी गेलं पाहिजे, उन्हाळ्यात जास्त. लीद दिवसातून आठ-दहा वेळा पडायला हवी, कोणीतरी एकाने रोज मोजायची.

खाणं सोडलं, पुढच्या पायाने जमीन खरडायला लागली, वळून वळून पोटाकडे बघितलं, किंवा बारा तासांत लीदच नाही पडली तर चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टर बोलवा, तुमचे नाही मिळाले तर दुसरे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पण आहे, पण पोटशूळ सुरू असताना आधी जवळचे डॉक्टर घरी, गाडीत घालायचं का ते त्यांना ठरवू द्या.

माथेरानचा_घोडेवाला
आणि पुढे डॉक्टरांनी हाताने फिरवायला सांगितलं की लगेच चंदी वाढवू नका दादा. आधी काम वाढू द्या, मग आठवड्याने मूठभर. बाहेर काढायच्या आधी गवत खाऊ घाला, भरल्या पोटाची घोडी कमी उसळते. शेळीचं बघितलं का?

जुन्नरकर_घाट
हो, बहिणीकडची पाट आणून बांधलीय कालपासून. दारावरच्या लाथा कमी झाल्यात. पाण्याची आणि लिदीची वही आजपासून चुलते लिहितायत, गवत आलं की परत कळवतो.