म्हापसा-पणजी भागात एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनोनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) बैठका कशा शोधायच्या?

प्रश्न: दारू सोडायची आहे. बैठक कुठे असते ते कसं कळतं? फी लागते का? चर्चच्या हॉलमध्ये असली तर हिंदूंनी गेलेलं चालतं? बायकोला नेता येईल?

बार्देशकर: फी नाही, नोंदणी नाही. शेवटी वर्गणी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. हॉल फक्त जागेपुरता, धर्माशी संबंध नाही. अल्कोहोलिक्स अॅनोनिमसच्या हेल्पलाइनला तीन गोष्टी विचारा: वेळ, भाषा (कोंकणी, मराठी, हिंदी की इंग्रजी), आणि बैठक खुली की बंद. बंद बैठक फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. बायकोला खुल्या बैठकीला न्या. निघण्यापूर्वी त्याच दिवशी पुन्हा फोन करा, चतुर्थीत किंवा फेस्ताला हॉल दुसऱ्या कामाला दिलेला असू शकतो.

सुमती: बायकोसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळा आहे, तेही विचारा.

नर्सताई: रोज पीत असाल तर आधी डॉक्टर, मग बैठक. एकदम बंद केल्यावर 6 ते 24 तासांत थरथर आणि घाम, 48 तासांपर्यंत फिट, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं. बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) दाखवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

बार्देशकर: अगदी बरोबर. आणि एका बैठकीवरून ठरवू नका हो, वेगवेगळ्या गटांत पाच-सहा वेळा बसून बघा. बोलायची सक्ती नसते. निघताना दोघातिघांचे नंबर मात्र घ्याच. तलफ संध्याकाळी येते, तेव्हा फोन लावायला माणूस हवा.