मामा, यिर्मया २९ अख्खा वाचा ना

मोठे मामा: सर्वांना सलाम 🙏 आजचं वचन बायबलमधलं, यिर्मया २९:११. परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी हिताचेच संकल्प आहेत. खास आपल्या इंजिनिअर भाच्यासाठी. बाळा धीर धर, प्रभूने तिकडे पाठवलंय म्हणजे काहीतरी मोठं ठरवलेलं आहे त्याने

मामी: आमेन 🙏🙏

धाकटे मामा (दुबई): आमेन

आई: आमेन. दादा त्याच्यासाठी प्रार्थना करा. काल फोनवर नीट बोलला नाही, नुसतं हं हं करत होता

मी: सलाम मामा. आई, झोप आली होती म्हणून हं हं. मामा रागावू नका पण नोव्हेंबरपासून हे वचन या ग्रुपवर मला नऊ वेळा आलंय, मोजलंय मी. आणि दर वेळी ते वाचताना मी कुठे असतो माहितीये का, मूर्तिजापूरच्या पुढे रुळाच्या कडेला गिट्टीवर बसलेला, डबा उघडून, आता तर ४४ डिग्रीत. बीई मेकॅनिकल करून रेल्वेत गँगमन, लेव्हल वन म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी, बेसिक १८०००. मोठं काय ठरलंय ते मला अजून दिसलेलं नाही

मोठे मामा: दिसत नाही म्हणूनच त्याला विश्वास म्हणतात बेटा

मावशी: दादा एक विचारू? अकरावं वचन सगळे पाठवतात, दहावं कुणीच का पाठवत नाही? दहाव्यात स्पष्ट लिहिलंय, बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर. बाबेलात नेलेल्या ज्या बंदिवानांना यिर्मयाचं ते पत्र आलं त्यातले निम्मेअधिक तिथेच मातीला गेले असतील

मोठे मामा: म्हणजे काय याने सत्तर वर्षं गँगमध्ये काढायची?

मावशी: तसं नाही म्हणत. पण अठ्ठाविसावा अध्याय बघ, तिथे हनन्या म्हणून खोटा संदेष्टा आहे, तो लोकांना सांगत होता दोन वर्षांत सगळं परत येणार. लोकांना तोच आवडत असणार. आणि दादा तू पण जॉइनिंगच्या दिवशी म्हणाला होतास दोन वर्षांत बदली करून आणू 😄

धाकटे मामा (दुबई): 😂😂 हनन्या मामा

मोठे मामा: मस्करी बास. सत्तर वर्षं बसून काय करायचं ते पण सांग मग

मावशी: तेच तर पाच ते सात मध्ये आहे. घरं बांधा, बागा लावा, फळं खा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. शत्रूच्या शहरासाठी हं, ज्याने यरुशलेमेतून उचलून नेलं त्याच्यासाठी. हे अकराव्याच्या आधी येतं

मामी: सहावं वचन पण वाचा सगळ्यांनी, त्यात लग्न करा असं लिहिलंय 😁 मी दोन स्थळं पाठवू का

मी: मामी प्लीज

मोठे मामा: बरं मग योसेफाचं घ्या. भावांनी विकला, तुरुंगात पडला, आणि शेवटी अख्ख्या मिसर देशाचा अधिकारी. सतराव्या वर्षी गेला, तिसाव्या वर्षी फारो राजापुढे उभा. तेरा वर्षं कुरकुर न करता काढली त्याने

मावशी: कुरकुर केली की. उत्पत्ति चाळीस, चौदा. तुरुंगातल्या प्यालेबरदाराला, फारोला प्याला देणाऱ्या नोकराला, काय म्हणाला? तुझं बरं झालं की माझी आठवण ठेव, फारोला सांग आणि मला इथून बाहेर काढ. वशिलाच लावायला सांगत होता तो. आणि तो माणूस विसरला आणि अजून दोन वर्षं गेली. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली दादा, पेशंटला सगळ्यात जास्त त्रास कुणाचा होतो माहितीये, जो भेटायला येऊन म्हणतो काही होत नाही, देव बघतोय. अरे त्याला दुखतंय ना

मी: थँक्यू मावशी. योसेफाने बाहेर काढ म्हटलं होतं हे मला खरंच माहीत नव्हतं, शब्बाथ शाळेत तो फक्त बापाने दिलेला रंगीत झगा आणि मग डायरेक्ट सिंहासन एवढाच होता

मोठे मामा: ठीक आहे. पण विल्यम कॅरीचं काय? जोडे शिवणारा माणूस, देवाच्या कामासाठी १७९३ ला बंगालमध्ये आला आणि पोटासाठी मालद्याकडे मदनाबाटीला निळीच्या कारखान्यात मॅनेजर झाला. निळीच्या! पाच सहा वर्षं. पण तिथेच बंगाली शिकला, भाषांतर केलं, पुढे बंगालातल्या श्रीरामपूरला छापखाना. आपलं मराठीचं व्याकरण छापलं त्याने १८०५ ला. नको असलेल्या नोकरीतूनच झालं ना हे

मावशी: झालं. पण त्याची बायको डोरोथी, तिचं कोण सांगतं कधी चर्चमध्ये? तिला यायचंच नव्हतं. बाळंतपण तोंडावर आलेलं, नाही म्हणाली चक्क. शेवटी बहीण बरोबर येते म्हटल्यावर तान्हं बाळ घेऊन निघाली. १७९४ ला त्याच मदनाबाटीला पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि त्यानंतर तिचं डोकं जे बिघडलं ते १८०७ ला मरेपर्यंत ताळ्यावर आलं नाही. तीच जागा, एकाच घरातली दोन माणसं. म्हणून मी कुणाला पटकन सांगत नाही की तुला देवानेच तिथे टाकलंय

(इथे बराच वेळ कुणी काही टाकलं नाही. मामांचं टायपिंग दिसायचं आणि जायचं.)

आई: मग देव तिथे नाही असं म्हणायचंय का तुला

मावशी: अगं नाही. तिथे आहे म्हणजे त्यानेच ढकललं असं नाही ना. आता पोरालाच बोलू दे, आपणच बोलतोय मघापासून

मी: लिहितो, मोठं होईल, सॉरी. पहिले दोन महिने मी कॉलेजच्या ग्रुपवर फक्त रेल्वेत आहे एवढंच सांगितलं होतं, मुलांना वाटलं जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर झालो, मी वाटू दिलं. गँगमध्ये मला इंजिनिअर म्हणायचे, चेष्टेनेच, इंजिनिअर जरा गिट्टी भर. डिसेंबरात थंडीची पेट्रोलिंग, रात्री दोघंजण, टॉर्च, हातबत्ती, गाडीला धोका कळवायला रुळावर ठेवायचे फटाके, गळ्यात जीपीएस, आणि आपली बीट, म्हणजे वाटून दिलेला रुळाचा तुकडा, चालायची. थंडीत रूळ आकसतो आणि वेल्डवर तडकू शकतो म्हणून. मग एप्रिल मे उलटं, भर दुपारी, कारण उन्हात रूळ प्रसरण पावतो, जागा नाही मिळाली की वाकडा होतो. थर्मल एक्सपान्शन मी चार वर्षं पेपरात लिहिलं, आता ते चपलेच्या तळव्यातून कळतं

मी: तर सात महिन्यांत मला एकही तडा सापडलेला नाही. मामा तुम्हाला साक्ष पाहिजे असते ना, गाडी वाचवली वगैरे, तसलं काही घडलं नाही. रात्री गाडी आली की लांब उभं राहायचं आणि काही लोंबकळतंय का, धूर येतोय का बघायचं. एसी डब्याच्या खिडक्या बंद, जनरलमध्ये दारात बसलेली पोरं. एकदा दिवसा महाराष्ट्र एक्सप्रेस गेली आणि एकदम डोक्यात आलं की ही नगरवरून आलीये, यात आपल्या गल्लीतलं कुणी बसलेलं असू शकतं. तेव्हापासून गाडी गेली की मी मनात एवढंच म्हणतो, प्रभू यांना नीट पोचव. कोण आहेत माहीत नाही, त्यांना पण मी माहीत नाही. मावशीने आत्ता सातवं वचन सांगितलं तेव्हा वाटलं की मी हेच करत होतो की काय

दिदी: 🥹

मी: अजून एक. आमचे मेट काका, म्हणजे गँगचे मुकादम, माळकरी आहेत, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली. रजा, पास सगळं आता रेल्वेच्या एचआरएमएस ॲपवर आणि त्यांना ओटीपी म्हणजे काय तेच कळत नाही, रजा लॅप्स व्हायच्या. त्यांचा फॉर्म भरला, मग कीमनचा, म्हणजे रोज रूळ तपासत चालणाऱ्याचा, आता संध्याकाळी क्वार्टरसमोर चार पाच जण चपला काढून बसलेले असतात मोबाइल घेऊन. चहा तेच आणतात. याला सेवा म्हणायचं का माहीत नाही

मावशी: मग काय म्हणायचं

मोठे मामा: त्यांना प्रभूविषयी सांगतोस की नाही?

मी: सरकारी नोकरी आहे मामा, मी प्रवचन देत नाही. पण विचारतात. माझा रेस्ट बुधवारी असतो म्हणून कीमन म्हणाला तुमचा देव तुम्हाला रविवारी सुट्टी पण मिळवून देत नाही का 😅 मी म्हटलं आमचा देव सुद्धा सुतारकाम करायचा, त्याला विचारतो. मेट काका खूप हसले. नंतर एकटेच विचारत होते, खरंच सुतार होता का रे

मोठे मामा: ही साक्षच झाली रे

मी: आणि हे पण आत्ताच सांगतो, नंतर कुणी दुखावायला नको. मी जेईचा अभ्यास करतोय, सुटायचंय मला इथून. देवाचं काम सोडून पळतोय असं कुणी म्हणू नका

मावशी: पौलाने गुलामांना काय लिहिलं, १ करिंथ ७:२१. गुलाम असताना बोलावणं आलं तर चिंता करू नको, पण मोकळं होता येत असेल तर खुशाल हो. दोन्ही एकाच वचनात आहे. तू रुळाच्या चाब्या पण नीट ठोक आणि फॉर्म पण भर

मोठे मामा: हं. हे वचन मी कधी ग्रुपवर टाकलं नाही

धाकटे मामा (दुबई): दादा उद्या सकाळी टाका 😄 मी पण इथे नऊ वर्षं गोडाऊनमध्ये आहे, मला पण लागेल

आई: बाळा मला एक सांगायचंय. चर्चमध्ये मी फक्त रेल्वेत लागला एवढंच बोलले होते, पाळकसाहेबांनी अनाउन्स करताना इंजिनिअर म्हणाले आणि मी काही बोलले नाही. मनात राहिलंय तेव्हापासून

मी: माहितीये मला. दिदीने सांगितलं होतं

आई: या रविवारी सांगू का त्यांना? ट्रॅक मेंटेनर सांगू का काय सांगू

मी: गँगमन सांग, सगळ्यांना कळतं

आई: बरं. आणि पुढच्या आठवड्यात मी महाराष्ट्र एक्सप्रेसने येतेय, शेंगदाण्याची चटणी आणि दोन जाड टॉवेल आणते. तुझी बीट आली की कळेल का मला खिडकीतून?

मी: ये. त्यादिवशी माझी ड्युटी कुठे लागते बघून सांगतो. कळलं तरी हात बाहेर काढू नको

मामी: टॉवेलबरोबर दोन फोटो पण पाठवते ताईंकडे