मदत हवी आहे : पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडतोय

गाडी २००५ ची पेट्रोल हॅचबॅक, माझ्याकडे पहिल्यापासून आहे. पार्किंग लाइटचा १० अँपियरचा लाल फ्यूज पंधरा दिवसांत ४ वेळा उडालाय, आणि उडाला की टेल लाइट, नंबर प्लेटचा लाइट, मीटरचा लाइट सगळं एकदम बंद. दरवेळी रात्री, खड्ड्यातून किंवा स्पीड ब्रेकरवरून गेल्यावरच, सपाट रस्त्यावर तासभर काही होत नाही.

मागचे सगळे बल्ब नवीन टाकले, होल्डर साफ केले, म्युझिक सिस्टिमची वायर सोडवून ठेवली, डिकीच्या बिजागरीजवळचा रबर सरकवून वायरी पाहिल्या, सोललेल्या नाहीत. मग फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडला आणि टेल, पार्किंग, नंबर प्लेट, मीटर सगळीकडचे बल्ब काढले, तर तो विझलेलाच राहतो, पण भावाने मागून गाडी जोरात हलवली की क्षणभर फक्कन पूर्ण पेटतो. म्हणजे शॉर्ट आहेच.

मेकॅनिक म्हणतो २० चा फ्यूज टाक, ते मी करणार नाही, वायर जळेल. टोइंग हुक किंवा जादा लाइट काही लावलेलं नाही. मल्टिमीटर आहे, पण डॅशबोर्ड उघडायची हिंमत नाही आणि चांगला इलेक्ट्रिशियन ४० किमीवर.

मागच्या सीटखालून जाणारं वायरिंग अशा गाड्यांत नेमकं कुठे पत्र्याला घासतं, आणि पुढचा भाग की मागचा हे ठरवायला आधी कुठला कनेक्टर सोडवू?