दोन झाकणे म्हणजे कॉम्बिनेशन नव्हे

एका जुन्या धुलाई यंत्राला मागे वारा जाण्याचा पाइप नाही आणि वर दोन झाकणे आहेत, तेव्हा ते वॉशर-ड्रायर, म्हणजे कपडे धुणारे आणि उष्णतेने वाळवणारेही कॉम्बिनेशन यंत्र असावे, असा तर्क कोणी मांडला आहे; तो मला पटत नाही. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकमधल्या पिळणाऱ्या टबलाच सर्रास 'ड्रायर' म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. ब्रिटनमधल्या जुन्या हूवरमॅटिकसारख्या ट्विन टबमध्ये, म्हणजे धुण्याचा आणि पिळण्याचा असे दोन वेगळे टब असलेल्या यंत्रात, कपडे फक्त गरगर फिरवून पिळले जात, उष्णतेने वाळवले जात नसत. खऱ्या कॉम्बिनेशनमध्ये, उदाहरणार्थ १९५३ साली अमेरिकेत आलेल्या बेंडिक्स ड्युओमॅटिकमध्ये, एकच आडवे ड्रम धुते आणि वाळवतेही.

पाइप नसणे मात्र वाळवणीच्या विरुद्धचा पुरावा नाही, आणि तिच्या बाजूचाही नाही. अशा अनेक यंत्रांत ड्रममधली दमट गरम हवा थंड पाण्याच्या धारेने निववून वाफेचे पाणी केले जाते, आणि कपड्यांचे तंतूही त्याच पाण्याबरोबर मोरीत जातात. मी मागचा पत्रा काढून पाहिलेल्या एका यंत्रात पाण्याच्या आत येणाऱ्या नळीला दोनाऐवजी तीन फाटे होते आणि तिसरा, बोरूएवढा बारीक, थेट हवेच्या मार्गात शिरत होता. तेव्हा झाकणे मोजण्यापेक्षा हीटर आणि पंखा आहे का, ते आधी पाहावे.