त्सुनामी, उधाण की वादळी लाट? नेमका शब्द हवा

देवगडकर: मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर त्सुनामीच्या इशाऱ्याची सूचना लिहायचीय. कुणी म्हणतं 'मोठं उधाण' लिहा म्हणजे सगळ्यांना कळेल, कुणी म्हणतं 'महाकाय लाट'. पण माझा चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, तो सांगतो भर समुद्रात त्सुनामी बोटीखालून निघून गेली तरी पत्ता लागत नाही, मग महाकाय कसली? आणि पाणबुडीला तरी कळते का?

दर्यावर्दी: भाऊ बरोबर बोलतोय. जपानीत त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट. 4000 मीटर खोल पाण्यात ती ताशी 700 किमीच्या वर पळते पण उंची जेमतेम अर्धा-एक मीटर, 2004 ला जेसन-1 उपग्रहाने हिंदी महासागरात मोजली तर साधारण 60 सेंमी भरली, आणि एका लाटेपासून दुसरी शेकडो किमी लांब, त्यामुळे जहाज इतकं सावकाश वर-खाली होतं की जाणवतच नाही. पाणबुडीचं मात्र वेगळं आहे. वाऱ्याच्या लाटा वरच्या वरच असतात, खाली गेलं की शांत, पण त्सुनामीत तळापर्यंतचं सगळं पाणी हलतं, फक्त भर समुद्रात ते सेकंदाला काही सेंमीच सरकतं म्हणून पाणबुडीला त्रास नाही. तीच पाणबुडी धक्क्याला बांधलेली असेल तर खरा धोका, कारण उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो आणि उंची वाढते.

देवगडकर: मग उधाण नकोच?

दर्यावर्दी: अजिबात नको दादा! उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, कॅलेंडरात आधीच दिसतं. 'वादळी लाट' तर त्याहून वाईट, कारण वादळाचा इशारा आला की गुजरातच्या बोटीसुद्धा देवगड बंदरात आसऱ्याला येतात, म्हणजे तो शब्द वाचला की तांडेल (बोटीचा प्रमुख) बोट बंदराकडेच वळवणार, आणि त्सुनामीत नेमकं उलट करायचं असतं. बाहेर असलेल्यांनी परत न येता खोल पाण्याकडे जायचं, किनाऱ्यावरच्यांनी बोट सोडून उंचावर. सरळ 'त्सुनामी' लिहा आणि खाली हेच दोन वाक्यात लिहा.

मालवणकर: आपल्याकडे येते तरी का ही?

दर्यावर्दी: 1945 च्या नोव्हेंबरात मकरानच्या (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाची मुंबईपर्यंत आली होती ना. आता इशारा हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्रातून येतो.

मालवणकर: बरं, आमच्याकडे सगळे 'सुनामी'च बोलतात, ते चालेल का?

दर्यावर्दी: बोलायला चालेल की. 'उत्सव' मध्ये त्स नीट येतो, शब्दाच्या सुरुवातीला आला की जीभ अडखळते, एवढंच.