मेटाडेटाला मराठीत काय म्हणावं?

पुस्तिकावाला: दुर्बिणींच्या निरीक्षणांचा साठा धुंडाळायच्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका लिहितोय. ‘मेटाडेटा’ला, म्हणजे डेटाबद्दलच्या माहितीला, ‘अधिविदा’ लिहिलं (‘विदा’ म्हणजे डेटा), तर बायको म्हणाली, “विदा म्हणजे हिंदी सिनेमातली पाठवणी ना?” दुसरा शब्द सुचवा.

तलाठ्याचा नातू: सातबारा! जमीन शेतात; ती कोणाची, किती, पीक कोणतं, ते कागदावर.

हेडरवाली: झकास, पण अर्धंच लागू पडतं. सातबारा जमिनीपासून लांब, दप्तरात असतो. खगोलशास्त्रात १९८१पासून चालत आलेल्या फिट्स फाइलीत मात्र चित्र आणि त्याची माहिती एकत्रच नांदतात. सुरुवातीलाच साधा मजकूर: वस्तूचं नाव, दुर्बीण, तारीख. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची (जुन्या संगणकांच्या पंचकार्डांच्या जमान्याची खूण), अशा ३६ ओळींचा एक ठोकळा. ही झाली बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी. तिला आम्ही सरळ ‘हेडर’ म्हणतो.

सातबारा म्हणायचंच तर कॅटलॉगला म्हणा. हजारो चिठ्ठ्यांवरच्या नोंदी डेटाबेसमध्ये उतरवलेल्या असतात आणि शोध तिथेच चालतो, फाइली उघडाव्या लागत नाहीत. पण चिठ्ठीवर नाव घालणारा शेवटी माणूसच! क्रॅब तेजोमेघाला एक जण ‘एम १’ लिहितो, दुसरा ‘एनजीसी १९५२’, रेडिओ दुर्बिणीवाले ‘३सी १४४’ नाहीतर ‘टॉरस ए’. निव्वळ नावाने शोधलंत तर बाकीच्यांची निरीक्षणं निसटलीच. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर आधी स्ट्रासबर्गच्या ‘सिम्बाड’ या खगोलीय वस्तूंच्या डेटाबेसला विचारतं, त्या नावामागचे आकाशातले निर्देशांक घेतं आणि त्या बिंदूभोवतीचं वर्तुळ पिंजून काढतं. याला ‘कोन सर्च’ (इंग्रजी cone, म्हणजे शंकू) म्हणतात.

पुस्तिकावाला: म्हणजे एक शब्द मागायला आलो आणि दोन घेऊन चाललो. फाइलीतला तो ‘हेडर’, कॅटलॉगमधली ती ‘नोंद’. ‘मेटाडेटा’ प्रस्तावनेत एकदा येईल, तोही तसाच. ‘सातबारा’चा मोह होतोय, पण पुस्तिका परदेशातली मराठी पोरंही वाचणार, त्यांना तो आधी समजावत बसावा लागेल. आणि ‘कोन सर्च’ला ‘शंकुशोध’ चालेल?

हेडरवाली: आकार बरोबर आहे. आपल्या डोळ्यापासून आकाशात शंकूच उघडतो.

तलाठ्याचा नातू: शंकू म्हटलं की आमच्याकडे मोजणीची शंकुसाखळी आठवते. ‘आसपास शोधा’ असं बटण ठेवा ना राव!