परप्रांतीय मजुरांना मदत व्हावी म्हणून धर्मगुरूंचं प्रशिक्षण: नागपुरात आखणी कशी करावी?

कळमना_समन्वय:
कळमना, पारडी भागात छत्तीसगड, बालाघाट, बिहारकडची मजूर कुटुंबं पुष्कळ आहेत. सरकारी कार्यालयात जायला ती बिचकतात, पण पुजारी, मौलाना, भन्तेजी, पास्टर यांचं ऐकतात. म्हणून वीसेक धर्मगुरूंना एक दिवस बसवून रेशन, शाळाप्रवेश आणि मतदार यादीची माहिती द्यावी असा विचार आहे. जमेल का? कुठं फसतं?

ठिय्या_साथी:
ताई, एका दिवसात सगळं कोंबू नका. दोन-दोन तासांची सत्रं ठेवा, प्रत्येकात एकच विषय. शुक्रवारची दुपार आणि रविवारची सकाळ टाळा. भन्तेजी दुपारी बाराच्या आत जेवतात, म्हणून नऊला सुरुवात आणि साडेअकराला ताट.

खरी चूक यादीतच होते. आपण मोठ्या देवळांना, मोठ्या मशिदींना निमंत्रणं धाडतो आणि मजूर तिथं जातच नाहीत. ठिय्यावर, म्हणजे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर, जाऊन विचारा: लग्नाला, मर्तिकाला कोणाला बोलावता? छत्तीसगडच्या मजुरांत सतनामी पंथाचे आणि कबीरपंथी बरेच असतात. सतनाम्यांचा भंडारी (त्यांचे विधी करणारा) किंवा महंत स्वतः दिवसा कामावर असेल, तर त्याच्यासाठी संध्याकाळची वेगळी तुकडी घ्या.

रास्तभाव:
पहिलं सत्र रेशनचं घ्या, त्याचा उपयोग महिनाभरात दिसतो. गावाकडचं कार्ड राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचं असेल तर इथल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळतं. नवं कार्ड नको, आधारवरचा पत्ताही बदलायला नको. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो, अंत्योदयच्या (सर्वांत गरिबांच्या) कार्डावर कुटुंबामागे 35 किलो.

अडतं ते असं. गावाकडच्यांनी महिन्याचा पूर्ण कोटा उचलला की इथं काहीच उरत नाही. आपला वाटा सोडून ठेवा, असं आधीच फोनवर सांगावं लागतं. विटाभट्टीवर आणि सिमेंटमध्ये बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावायचं, नाहीतर कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसानं जायचं. गावाकडच्या राज्याच्या स्वतःच्या योजनेतलं कार्ड मात्र इथं चालत नाही. दुकानदारानं टाळलं तर 14445 वर तक्रार.

आणि कृपा करून धर्मगुरूंना आधारच्या झेरॉक्स गोळा करायला लावू नका. एक कागद गहाळ झाला, त्याचा गैरवापर झाला, तर वर्षानुवर्षांचा विश्वास जातो. सोबत माणूस देऊन दुकानापर्यंत पोचवणं एवढंच त्यांचं काम.

विधी_मदत:
शाळेबाबत एकच गोष्ट पक्की करून घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वर्षांच्या मुलाला दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि प्रवेश वयानुरूप वर्गात द्यावा लागतो. भट्टीवरची कुटुंबं दिवाळीनंतर येतात, तेव्हा "आता सत्र अर्धं झालं" असं शाळेत ऐकवतात. तेही कारण चालत नाही.

मतदार यादीत नाव हलवायला नमुना 8, पहिल्यांदा नोंदवायला नमुना 6. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं; गावी ठेवायचं की इथं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. धर्मगुरूंनी प्रक्रिया सांगावी, उमेदवार कधीच नाही. 1988 च्या कायद्यानं धार्मिक जागेचा राजकीय प्रचारासाठी वापर हा गुन्हा आहे, म्हणून उद्घाटनाला कुठल्याही इच्छुकाला मंचावर घेऊ नका.

थकलेली मजुरी, मारहाण असं काही कानावर आलं तर निवाडा करत बसू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावं, क्रमांक 15100. तिथल्या मोफत कायदेशीर मदतीसाठी महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

कळमना_समन्वय:
यादी ठिय्यावरूनच करते. प्रवचनातून हे सांगायला सांगू का?

ठिय्या_साथी:
प्रवचनात नको, कंटाळा येतो. प्रार्थना संपल्यावर, लोक चपला घालायच्या आत, दोन वाक्यांची सूचना. हिंदीत, आणि जमल्यास छत्तीसगडीत. स्थानिक लोकही तिथंच असतात. नळावरची भांडणं, खोली भाड्यानं न देणं, याबद्दल गुरूनं त्यांनाही त्याच वेळी चार शब्द सांगितले पाहिजेत. हे आपण सांगून होत नाही, त्यांनी सांगितलं तर होतं.